फिरती ओळ

१

देवपूजा आटोपली, तुळशीला पाणी घातलं, सासूबाईंच्या खाटेपाशी चहा ठेवला, की वैजयंती फडकं घेऊन माडीवरच्या खोलीत जायची. निरंजनच्या टेबलावर शाळेच्या वह्यांचा ढीग असायचा आणि ढिगावर तो दगड. मुठीत मावेल एवढा, सगळ्या बाजूंनी तिरका, घाईत वाकड्या कापलेल्या बर्फीसारखा. आणि पाण्यासारखा स्वच्छ. ती दगड उचलायची, टेबल पुसायची, दगड पुसायची आणि होता तिथं ठेवून द्यायची. गल्लीत पलीकडच्या घरांतून यंत्रमाग खडखडत असायचे. शनवारा मोहल्ल्यातल्या त्या घरात ती आली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तीन वर्षांत हा क्रम एक दिवस चुकला नव्हता.

टेबल, कपाट, खिडकीतली वेल, यातलं काहीच तिनं आणलेलं नव्हतं. त्याचं तिला वाईट वाटायचं नाही. दगडाचं वाटायचं. तो ज्योत्स्नाचा होता, निरंजनच्या पहिल्या बायकोचा. दोघंही विज्ञान शिकवायचे, एकाच शाळेत. शाहपूरला ज्योत्स्नाच्या माहेरी केळीच्या मळ्यात विहीर खोदताना तो निघाला, आणि तिनं तो पदरात गुंडाळून सासरी आणला. पुढं पाच दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली, तेव्हा गायत्री चार वर्षांची होती. आता नऊ पूर्ण झाली.

देवघरात ज्योत्स्नाचा चांदीचा टाक होता. रोज पहिलं कुंकू त्याला लावायचं, मग स्वतःला, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वैजयंती लावायची. मनापासून लावायची. देवानं आपल्याला दुसरीच्या जागेवर आणून बसवलं, तर त्यात त्याचं काही चांगलंच मनात असेल, अशी तिची श्रद्धा होती. श्रावणात ती गायत्रीसाठी जिवतीची पूजा करायची. आणि कुणाला न सांगता तिनं एकवीस संकष्ट्या धरल्या होत्या. मागणं एकच होतं. गायत्री तिला मावशी म्हणायची, तुम्ही म्हणायची. तिनं एकदा तरी आई म्हणावं.

अठरा संकष्ट्या झाल्या होत्या.

२

श्रावणातल्या एका रविवारी गायत्रीला शाळेचा प्रकल्प करायचा होता. निरंजननं दगड खाली आणला.

"याला कॅल्साइट म्हणतात. काळ्या खडकात बुडबुड्यासारख्या पोकळ्या असतात. त्यात पाणी झिरपतं, आणि झिरपताना चुना ठेवून जातं. कणावर कण. हजारो वर्षं."

"पप्पा, हजारो? सच्ची?"

"सच्ची. सिमेंटमध्ये हाच, संगमरवरात हाच. आजीच्या चुन्याच्या डबीतही याचाच भाऊबंद."

"मंग चाटून पाहू का त्याले?" आतल्या खोलीतून सासूबाई आशाबाईंचा आवाज आला. गुडघ्यांनी त्या खाटेला खिळल्या होत्या, कान मात्र साऱ्या घरभर फिरायचे. गायत्री खिदळली.

निरंजन रंगात आला. तांब्याच्या नाण्यानं ओरखडा पडतो एवढा हा मऊ, म्हणाला. फोडला तर प्रत्येक तुकडा असाच तिरका निघतो. लिंबू पिळलं की फसफसतो. आणि मग त्यानं वर्तमानपत्र पसरून त्यावर दगड ठेवला. खालची ओळ दोनदा दिसू लागली, एकीच्या जरा वर दुसरी.

"आता बघा हं." त्यानं दगड हळूच गोल फिरवला. एक ओळ जागची हलली नाही. दुसरी तिच्याभोवती फिरत गेली, पूर्ण फेरी मारून परत आली.

वैजयंतीचे हात आपोआप जोडले गेले. "अगंबाई, प्रदक्षिणाच की!"

"मावशी, तुम्ही पण ना! तुम्हाला सब जगह भगवान."

"यातली खरी कुठली हो?" तिनं विचारलं.

"दोन्ही. उजेड आत शिरताना दुभंगतो आणि दोन वाटांनी बाहेर पडतो." निरंजन दगडाकडे बघून हसला. तसं हसू वैजयंतीनं फार वेळा पाहिलं नव्हतं. "ज्योत्स्ना म्हणायची, जागेवर बसलेली ती बायको अन् फेऱ्या मारतो तो नवरा. वर्गात सांगायची, पोरं हसून हसून लोळायची."

वैजयंतीही हसली. मग पोळ्या राहिल्यात म्हणून आत गेली आणि कणिक इतकी मळली, इतकी मळली, की ती पार सैल झाली.

३

पितृपक्षातली अविधवा नवमी ही नवऱ्याआधी गेलेल्या बायकांची. त्या दिवशी एक सवाष्ण जेवायला बोलवायची, गेलेलीच्या नावानं तिला साडी द्यायची, ओटी भरायची. शेजारच्या रजनीताई दरवर्षी बसायच्या.

साडी आणायला निरंजन स्वतः जायचा. वैजयंतीला दिवाळीला तो पैसे द्यायचा, "तुला आवडेल ती घे" म्हणायचा. त्यात खोट काहीच नव्हती. पण नवमीच्या साडीसाठी तो तासभर दुकानात बसायचा, पोत चिमटीत धरून बघायचा, रंग उन्हात नेऊन बघायचा. यंदा मोरपंखी आणली होती. ती उलगडून दाखवताना त्याचा हात काठावरून असा फिरला, की वैजयंतीनं नजर वळवली.

जी नेसणारच नाही तिच्यासाठी एवढं. मी तर समोर उभी आहे.

असा विचार आला म्हणून तिनं लगेच कानाला हात लावला. तो पुन्हा आला.

नवमीला वडे तळून झाले, खीर उतरवली, कावळ्याचं पान गच्चीवर गेलं. तर्पण करून निरंजन शाळेत गेला होता, गायत्रीही. आणि फोन वाजला.

"अवं वैजू, माझं तर येणं कॅन्सल झालं वं. बहादरपूरले माझे काकासासरे गेले ना पहाटे. सुतक लागलं आम्हाले. तू दुसरी कोणी पाहून घे."

दुसरी कोण? बाराला कोणती सवाष्ण रिकामी बसली असणार? वैजयंतीनं दोन घरी विचारलं. एकीचा उपास, एकीच्या दाराला कुलूप. ती परत आली. माजघरात पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, पान वाढलेलं, पाटावर मोरपंखी घडी.

"रजनी आली का वं?" आतून आशाबाईंनी हाक दिली.

वैजयंती घडीकडे बघत होती.

"आल्या हो," ती म्हणाली. "बसताहेत."

आपणही सवाष्णच आहोत की. अन्न वाया कशाला? असं ती मनाला समजावत होती, आणि तोवर साडी नेसून झालीही. तिनं स्वतःच्या कपाळाला ज्योत्स्नाच्या नावानं कुंकू लावलं. स्वतःची ओटी स्वतःच भरली. पाटावर बसली, तेव्हा साडीचं सूत इतकं मऊ लागलं की डोळे भरून आले. निरंजनच्या हाताखालून गेलेलं हे सूत.

रीतीप्रमाणे आशाबाईंनी आतून हाक घातली, गेलेलीच्या नावानं, "ज्योत्स्ने, जेव वं माय पोटभर."

"हो," वैजयंती म्हणाली.

त्याच घटकेला वीज गेली. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. तिनं पान जेवून स्वच्छ केलं, साडी घडी करून आपल्या ट्रंकेच्या तळाशी ठेवली, आणि संध्याकाळी निरंजननं विचारलं तेव्हा सांगितलं, "हो, आवडली त्यांना."

४

दुसऱ्या दिवशी पुसता पुसता तिनं दगड सहज हाताशी पडलेल्या कागदावर ठेवला. किराण्याची यादी होती, तिच्याच अक्षरातली. पोहे, गूळ, साबुदाणा.

ओळ एकच दिसली.

तिनं दगड पुसला. पुन्हा ठेवला. गूळ, एकदाच. तेलाचा हात लागला असेल. तिनं यादी सरकवून वर्तमानपत्र घेतलं. ओळी दोन. निरंजननं वहीत मारलेला शेरा, दोन. गायत्रीचं गिचमीड अक्षर, दोन. यादी, एक.

पेनाच्या शाईत काही असेल, तिनं विचार केला. मग तेच पेन घेऊन कोऱ्या कागदावर हळूहळू स्वतःचं नाव लिहिलं आणि वर दगड ठेवला. वैजयंती. एकदाच. छापल्यासारखं स्वच्छ.

दुपारी ती चष्म्याच्या दुकानात जाऊन डोळे तपासून आली. नजर चांगली होती. संध्याकाळी तिनं गायत्रीला जवळ बोलावलं, तिच्या बोटावर कुंकवाचा ठिपका टेकवला, वर दगड धरला.

"दोन!" गायत्री म्हणाली. "मावशी, आता तुमचं."

वैजयंतीनं आपलं बोट ठेवलं. गायत्री वाकून बघत राहिली.

"नीट पकडा ना."

"नीटच आहे गं."

"तुमचा एकच कसा काय?" पोरीनं दगड धरून फिरवला, बापानं फिरवला होता तसा. "अरे, हा तर घूमतोय."

ठिपका फिरत होता. वैजयंतीचं बोट टेबलावर निश्चल होतं, आणि दगडाच्या आत तिचा एकुलता ठिपका गोल फेरी मारत होता, एका रिकाम्या जागेभोवती. जागेवर बसणारा ठिपका नव्हता.

"ठेव तो," ती म्हणाली. "जा, परवचा म्हण."

५

त्यानंतर घरात काही घडलं म्हणावं, तर काही नाही. ती स्वयंपाकघरात असताना माडीवर बांगड्या वाजायच्या. बांगड्या कुणाच्या वाजत नाहीत? भिंतीला भिंत लागलेली घरं, आवाज इकडचे तिकडे होतात. मागांच्या खडखडाटात एरवी काही ऐकू यायचं नाही, वीज गेली की मात्र घर कान टवकारल्यासारखं व्हायचं, आणि वर कुणीतरी चटईवरून अनवाणी चालत जाऊन थांबायचं. खालून वैजयंतीही थांबायची. कांदा अर्धा चिरलेला, विळी हाताशी.

निरंजन मात्र बदलला होता. शिट्टी वाजवत आंघोळ करायचा. नवरात्रातल्या एका सकाळी चहा घेताना म्हणाला, "काल गच्चीवर काय मस्त बोललीस तू! मला वाटायचं, तू फक्त पोथीतलंच बोलतेस."

काल संध्याकाळी वैजयंती देवीच्या देवळात बसली होती, ओट्यांच्या रांगेत. सातला परत आली होती.

"काय बोलले मी?" तिनं सावकाश विचारलं.

"आता परत म्हणायला लावतेस होय?" तो हसला. तेच हसू. श्रावणातल्या रविवारी दगडाकडे बघून हसला होता ते. "लबाड आहेस."

तिच्या मनात भीती यायला हवी होती. आधी आलं ते वेगळंच. कुणाशी बोललात एवढं? मी तीन वर्षं ताट वाढते, शर्टाची बटणं लावते, तुमच्या आईचे पाय चेपते, आणि हसलात कुणापाशी? दगडावर जळून झालं होतं, साडीवर जळून झालं होतं. आता हे कुणावर जळायचं, तेही कळेना. तो तर 'तू' म्हणत होता.

त्या दुपारी तिनं वाटीत तीन लिंबं पिळली आणि दगड त्यात बुडवला. बारीक बारीक बुडबुडे चढू लागले. कान जवळ नेला तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येत होता, थांबून थांबून. तिनं रामरक्षा म्हटली. अर्ध्या तासानं दगड बाहेर काढला, तर वरची चकाकी तेवढी गेली होती. एवढ्याशा आंबट पाण्यानं तो काय संपणार? हजारो वर्षांचा.

संध्याकाळी निरंजननं तो हातात घेतला. बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत राहिला.

"कुणी केलं हे?"

"साफ करायला गेले. चुकलं माझं."

"तूच तर परवा म्हणालीस, हा जपू या म्हणून." आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. "एकीकडे असं बोलायचं, दुसरीकडे..."

तो माडीवर निघून गेला. थोड्या वेळानं वरून त्याच्या बोलण्याची गुणगुण ऐकू आली. गायत्री खालीच होती, अंक लिहीत बसलेली.

"पप्पा कुणाशी बोलताहेत गं?"

"फोन असेल," गायत्री म्हणाली.

फोन चार्जिंगला खाली लावलेला होता.

६

कोजागरी झाली. दुसऱ्या दिवशी आशाबाईंच्या गुडघ्यांना तेल लावताना वैजयंतीनं सगळं सांगून टाकायचं ठरवलं.

"आत्याबाई, माझ्या हातून एक चूक झाली. नवमीला रजनीताई आल्याच नव्हत्या."

म्हातारीचे डोळे मिटलेले होते. "मंग पान कोण जेवलं?"

"मी."

"लुगडं?"

"मीच नेसले. तुमच्याशी खोटं बोलले."

"काहून केलं वं असं? भूक लागली होती का लुगड्याची?"

वैजयंती तेलाची वाटी नुसती धरून बसली. आशाबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला. रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत.

"पोरी, तिच्या नावानं मी हाक घातली, तवा ओ कोणी दिली?"

"मीच. हो म्हटलं."

"तू एकदाच म्हणली?"

"एकदाच."

बाहेर माग चालू होते. आशाबाईंनी हात सोडून दिला आणि पांघरूण ओढून घेतलं. उकाडा असूनही.

"मले दोन ओ ऐकू आल्या," त्या म्हणाल्या. "एकामागं एक. आवाज तुझाच, दोन्ही खेपा. मी म्हटलं, नीट ऐकू येत नाही आता."

"मग काय करू मी? काही तोडगा असेल ना? पुन्हा पान वाढते. साडी देऊन टाकते रजनीताईंना."

"जेवलेलं पान कोणाले परत देता येतं वं?" आशाबाई भिंतीकडे वळल्या. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "ती वाईट नव्हती. पोरीसाठी जीव अडकला असंल. तू देवाचं कर. तुझ्या मनात खोट नाही, देव पाहून घेईल."

आपल्या मनात खोट नाही, हे ऐकून वैजयंतीला रडू आलं. कारण खोट होती.

७

एकविसावी संकष्टी रविवारी आली. गल्लीतल्या हिंदी घरांतून करवा चौथची मेंदी चालली होती, माग बंद होते. वैजयंतीनं कडक उपास धरला होता, पाणीसुद्धा नाही. काहीही असो, व्रत पुरं करायचं. एकवीस म्हणजे एकवीस. गणपतीनं आजवर कुणाचं ठेवून घेतलं नाही, ते माझं कशाला ठेवील, असं ती सकाळपासून स्वतःला सांगत होती, आणि तिला ते खरंही वाटू लागलं होतं.

चारच्या सुमाराला ती मोदकांची उकड मळत होती. निरंजन आईचं औषध आणायला बाहेर गेला होता. आशाबाईंचा डोळा लागला होता. ऊन कलून ओट्यावर आलेलं, घर इतकं शांत की उकडीत पाण्याचा हात लावल्याचा आवाज ऐकू यावा.

"आई!"

माडीवरून. गायत्रीचा आवाज. लाडात आलेला, जरासा चिडका, जशी पोरं आपल्याच आईला हाक मारतात.

वैजयंतीचे हात थांबले. कानांवर विश्वास बसेना, आणि मग बसला. तिनं देवघराकडे पाहिलं. ऐकलंस ना रे बाप्पा? एकवीस झाल्या, अन् तू ऐकलंस. डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं, हात पिठाचे म्हणून पुसताही येईना.

"आई, ये ना गं! वेणी घालून दे."

"आले गं..." वैजयंतीनं तोंड उघडलं. घशातून शब्द निघायच्या आत तो वरून ऐकू आला.

"आले गं बाळा."

तिचाच आवाज. पण इतका मोकळा तिचा कधी लागत नसे.

ती जिना चढली. पायऱ्या चौदा होत्या, रोजच्याच. दार लोटलेलं होतं, चारेक बोटं फट. आत खिडकीशी गायत्री पाठमोरी बसली होती, केस मोकळे सोडलेले. तिच्या मागं कुणी बसलं होतं. दारामुळं चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते दोन हात, केसांच्या तीन बटा करणारे. बोटांना तांदळाची उकड लागली होती, अजून ओली. कोपराशी जांभळ्या सुती साडीचा पदर, पाण्याचा हात पुसून ओला झालेला. वैजयंतीनं आपल्या पदराकडे पाहिलं. जांभळा. ओला. तिथंच.

हात घाई करत नव्हते. बट ओढली की गायत्रीचं डोकं जरा मागं जायचं आणि तिथंच टेकून राहायचं, विश्वासानं. वैजयंती रोज सकाळी तिची वेणी घालायची. पोर ताठ बसायची, रिक्षा चुकेल म्हणायची.

फळी कुरकुरली. गायत्रीनं मान वळवली. दारात उभ्या असलेल्या वैजयंतीला पाहून ती जराही दचकली नाही.

"काय मावशी?" ती अदबीनं म्हणाली. "काही पाहिजे का तुम्हाला?"

हात थांबले. दाराच्या आडून कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

आत जावं, पोरीला उचलून घ्यावं, असं वैजयंतीच्या मनात आलं. पण गायत्रीच्या चेहऱ्यावर असं काही निवांत होतं, जे तिनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या पावलानं मोडेल याची तिला भीती वाटली.

"नाही गं," ती म्हणाली. "काही नको."

तिनं दार हलकेच ओढून घेतलं आणि वरच्याच पायरीवर बसली. खाली उकड गार होत चालली होती. वाफ गेली की मोदक चिरतात, तिला ठाऊक होतं. तरी ती उठली नाही. पिठाचे हात मांडीवर ठेवून, दाराला कान लावून बसून राहिली. गायत्री अजून एकदा म्हणेल म्हणून.